पहिल्या दिवसाचा मथळा

‘लांडग्यांच्या कळपाची शिकार.’ न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकाच्या २१ एप्रिल १९८९ च्या अंकातला हा पहिल्या पानावरचा मथळा. खाली उपमथळा : भटक्या टोळीच्या रानटी हल्ल्यात धावायला गेलेली तरुणी मृत्यूच्या दारात.

नोकरीची बहुतेक वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गुन्हेवृत्ताची पानं लावली. आता पत्रकारितेच्या मुलांना कॉपी तपासायला आणि मथळे द्यायला शिकवते. असं जुनं पान समोर आलं की मी आधी तारीख बघते आणि मनातल्या मनात वेळेचा हिशेब करते. २१ तारखेचं पान २० तारखेच्या रात्री लागलं असणार. ती तरुणी सेंट्रल पार्कच्या उत्तरेकडच्या झाडीत सापडली २० तारखेच्या पहाटे, दीडच्या सुमाराला. म्हणजे पान लागलं तेव्हा घटना उघडकीला येऊन एक दिवसही उलटला नव्हता. काही मुलं ताब्यात होती आणि त्यांची चौकशी चालू होती. कॅमेऱ्यासमोरचे जबाब अजून व्हायचे होते. घटनास्थळावरचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जायचे होते. कोर्टासमोर कुणीही उभं राहिलं नव्हतं. मथळ्याने मात्र कोण, किती जण आणि कशा स्वभावाचे, हे सगळं ठरवून टाकलं होतं.

‘सेंट्रल पार्क फाइव्ह’ या नावाने हे प्रकरण जगभर गाजलं. नेटफ्लिक्सवर २०१९ मध्ये आलेली मालिका आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिली. तिचा रोख मुख्यतः पोलीस आणि सरकारी वकील यांच्यावर आहे. मला त्या प्रकरणातली वर्तमानपत्रं महत्त्वाची वाटतात.

घटना अशी. १९ एप्रिलच्या रात्री हार्लेम भागातली तीसेक मुलं पार्कात शिरली. त्यांच्यातल्या काहींनी येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवलं, काही जणांना मारहाण केली. हे खरं आहे आणि ते दडवायचं काही कारण नाही. त्याच रात्री वॉल स्ट्रीटवरच्या एका गुंतवणूक कंपनीत काम करणारी २८ वर्षांची गोरी तरुणी पार्कात धावत होती. तिच्यावर बलात्कार झाला, डोक्याची कवटी फुटेपर्यंत तिला मारलं गेलं, अंगातलं तीन चतुर्थांश रक्त वाहून गेलं. बारा दिवस ती बेशुद्ध होती. ती वाचली, पण त्या हल्ल्यातलं तिला काहीही आठवलं नाही. पोलिसांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. पाच मुलांवर खटला उभा राहिला : केव्हिन रिचर्डसन आणि रेमंड सँटाना १४ वर्षांचे, अँट्रन मॅक्रे आणि युसेफ सलाम १५ वर्षांचे, कोरी वाइज १६ वर्षांचा. चौघं कृष्णवर्णीय, एक लॅटिनो.

वर्तमानपत्रांनी पहिल्याच दिवसांत जे केलं त्यातली एक गोष्ट मला अजूनही छळते. बलात्कार झालेल्या स्त्रीचं नाव छापायचं नाही हा संकेत त्यांनी पाळला, आणि ते योग्यच होतं. अल्पवयीन संशयितांची नावं छापू नयेत हाही संकेत होता. तो कुणाला आठवला नाही. चौदा वर्षांच्या पोरांची नावं, फोटो, राहण्याचे पत्ते छापून आले. ‘ॲमस्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने आणि ब्रुकलिनच्या ‘सिटी सन’ने याचा निषेध म्हणून त्या तरुणीचंही नाव छापलं. मला विचाराल तर ते त्यांचं चुकलं. एका अन्यायाचा हिशेब दुसऱ्या जखमी माणसाकडून वसूल करता येत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. संकेत दोन, आणि एकाच शहरातली वर्तमानपत्रं त्यातला एक पाळतात, एक मोडतात. कुणासाठी पाळतात आणि कुणासाठी मोडतात?

मी हे पान वर्गात दाखवायला लागले त्याला एक विद्यार्थी कारण झाला. बीड जिल्ह्यातला मुलगा, पारधी समाजातला. जिल्हा आवृत्त्यांची कात्रणं घेऊन आम्ही मथळे तपासत होतो. दरोड्याच्या एका बातमीवर तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, बाकीच्यांच्या बातमीत चोराचं नाव येतं, आमच्या बातमीत जमातीचं येतं.” वर्गात कुणी काही बोललं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, आणि तरी पोलिसांच्या प्रेसनोटमधून जमातीचं नाव येतं, डेस्कवरून तसंच पानात जातं, ‘टोळी जेरबंद’ असा मथळा बसतो. त्या मुलाला उत्तर द्यायचं तर नुसतं ‘हो, चुकतं आपलं’ म्हणून भागणार नव्हतं. बातमी नेमकी कुठल्या टप्प्यावर वाकडी होते हे दाखवायला हवं होतं. त्यासाठी असं प्रकरण हवं जिथे सत्य नंतर निर्विवाद बाहेर आलं आहे, म्हणजे पहिली बातमी त्याच्यापासून किती लांब पडली हे मोजता येईल. सेंट्रल पार्कच्या प्रकरणात ते मोजता येतं.

मोजायला सुरुवात बातमीच्या उगमापासून करावी लागते. न्यूयॉर्कच्या पोलीस मुख्यालयातच, वन पोलीस प्लाझा या इमारतीत, क्राइम रिपोर्टर मंडळींची खोली होती. सगळे तिला ‘शॅक’ म्हणत, खोपटं. एकाच छपराखाली बातमी देणारे आणि घेणारे. हे सोयीचं असतं, मी नाकारत नाही. आपल्याकडचे बीटवरचे रिपोर्टरही रोज सकाळी आयुक्तालयात किंवा एसपी ऑफिसला चक्कर मारतातच. पोलीस चोवीस तास जागे असतात, त्यांच्याकडे नावं, वेळा, कलमं तयार असतात, आणि डेडलाइनच्या आत दुसरं कुणी एवढं देऊ शकत नाही. हार्लेममधल्या आईवडिलांकडे प्रवक्ता नव्हता. म्हणून बातमीत एकच आवाज आला. त्या आवाजाने सांगितलं की पोरं कोठडीत गाणी म्हणत होती, हसत होती, ‘वाइल्डिंग’ला, म्हणजे धुडगूस घालायला, निघालो होतो असं म्हणाली. हा शब्द दोन दिवसांत देशभरातल्या मथळ्यांत पोचला. मुलांनी तो खरोखर त्या अर्थाने वापरला का, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

कबुलीजबाबांचंही तसंच झालं. चार मुलांचे जबाब कॅमेऱ्यावर आहेत. सलामचा नाही, पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर त्याने सहीसुद्धा केली नव्हती. कॅमेरा चालू झाला तो चौकशी कित्येक तास चालल्यानंतर. त्याआधीच्या तासांचं चित्रीकरण नाही. वकील नव्हते. काहींचे पालक काही वेळ खोलीत होते, काही वेळ नव्हते. वाइज सोळा वर्षांचा, म्हणून कायद्याने त्याच्यासोबत पालक असण्याचीही गरज नव्हती. तो तर संशयितांच्या यादीतही नव्हता. मित्राला सोबत म्हणून पोलीस ठाण्यात गेला होता. लोकांच्या मनात एकच विचार : न केलेल्या गुन्ह्याची कबुली कोण देईल? थकलेलं, उपाशी, घाबरलेलं पोर देतं. ‘तू फक्त बघत होतास, दुसऱ्यांनी केलं, एवढं सांग आणि घरी जा’ असं सांगितलं की देतं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि आपण साक्षीदार म्हणून सुटू असं प्रत्येकाला वाटलं.

आणि त्या कबुल्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. आधी कुणी पाडलं, कपडे कुणी काढले, कुणी धरलं, कुणी मारलं, कशाने मारलं, हे प्रत्येकाचं वेगळं. २००२ मध्ये खुद्द सरकारी वकिलांच्या कार्यालयाने न्यायालयाला लिहून दिलं की गुन्ह्याच्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या तपशिलावर हे जबाब परस्परविरोधी आहेत. ते जबाब काही २००२ मध्ये नव्याने सापडले नव्हते. १९९० च्या खटल्यात भर कोर्टात ते दाखवले गेले, तेव्हा पत्रकार बाकांवर बसले होते. तरुणीला रस्त्यावरून झाडीत ओढत नेल्याची गवतावरची खूण फोटोत होती. जेमतेम दीड फूट रुंद. एवढ्या वाटेने किती माणसं जाऊ शकतात? एफबीआयच्या प्रयोगशाळेत तपासलेलं वीर्य पाचांपैकी एकाशीही जुळलं नाही, हे खटल्याआधीच माहीत झालं होतं. सरकारी पक्षाचं म्हणणं, आणखी एक जण होता, तो निसटला.

डेस्कवर माझे एक जुने वरिष्ठ होते. बातमीत ‘आणखी एक आरोपी फरारी’ असं वाक्य आलं की ते कॉपी परत पाठवायचे : त्याच्याबद्दल वेगळी बातमी कुठे आहे? न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न ज्या जोराने विचारायला हवा होता तसा विचारला गेला नाही. एवढा भीषण गुन्हा, आणि ज्याच्या शरीराचा पुरावा घटनास्थळी सापडला तो माणूस मोकळा. त्याचं नाव मातियास रेयेस. दोनच दिवस आधी, १७ एप्रिलला, त्याच पार्कात त्याने आणखी एका स्त्रीवर बलात्कार केला होता. कळप पकडला गेला म्हणून शहराने निःश्वास सोडला, आणि त्या उन्हाळ्यात रेयेसने आणखी बायकांवर बलात्कार केले, एका गरोदर स्त्रीचा खून केला. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला. चुकीच्या बातमीने अन्याय होतो तो आरोपींवर, असं आपण समजतो. इथे त्याची किंमत बायकांनीही मोजली, आणि ज्यांच्या नावाने एवढा आक्रोश चालला होता त्या बायकांनी मोजली, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं मी वाचलं आहे.

जोन डिडियन यांनी जानेवारी १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये या प्रकरणावर दीर्घ लेख लिहिला. गोऱ्या, प्रतिष्ठित लेखिकेने इतक्या लवकर आपल्याच शहराच्या वर्तमानपत्रांना आरसा दाखवला. त्यांनी एक साधा आकडा समोर ठेवला : त्या एका वर्षात न्यूयॉर्कमध्ये बलात्काराच्या आणखी ३,२५४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतल्या किती बायकांना वाचकांनी ओळखलं? मे महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे पार्कातल्या घटनेनंतर दोन आठवड्यांत, ब्रुकलिनमध्ये एका कृष्णवर्णीय स्त्रीवर बलात्कार करून तिला चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली फेकलं गेलं. तीही वाचली. तिच्यासाठी पानं राखून ठेवली गेली नाहीत. पक्षपात म्हटलं की आपण आरोपीचा रंग बघतो. पीडितेचा रंगही तितकाच बघायला हवा. दोन्ही मिळून पान ठरतं.

१ मे १९८९ रोजी डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने शहरातल्या चार दैनिकांत पानभर जाहिरात दिली : फाशीची शिक्षा परत आणा, आमचे पोलीस परत आणा. खर्च ८५,००० डॉलर झाल्याचं तेव्हा छापून आलं. जाहिरातीत मुलांची नावं नव्हती, पण ती कुणाबद्दल आहे हे न कळण्यासारखं काही नव्हतं. जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे असतात, हे मला माहीत आहे. तरीही पान एकाच वर्तमानपत्राचं असतं, आणि खटला उभा राहण्याआधी त्या शहरातला कुठलाही संभाव्य ज्यूरी सदस्य ते वाचू शकत होता.

या बातम्या लिहिणारी माणसं दुष्ट होती असं मी मानत नाही. १९९० साली न्यूयॉर्कमध्ये २,२४५ खून झाले. क्रॅक कोकेनने वस्त्या पोखरल्या होत्या, लोक खरोखर घाबरलेले होते. भीती खरी होती. तिला चेहरा कुणाचा द्यायचा हे न्यूजरूममध्ये ठरलं. ती न्यूजरूम कशी होती? ‘डेली न्यूज’बद्दल सांगते. त्या मथळ्याच्या दोनच वर्षं आधी, १९८७ मध्ये, चार कृष्णवर्णीय पत्रकारांनी बढती आणि कामाच्या वाटपात वंशभेद होतो म्हणून या दैनिकाविरुद्ध लढलेला खटला जिंकला होता. ज्यूरीने पक्षपात झाल्याचं मान्य केलं होतं. त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं मागे, १९६८ मध्ये, दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने आपल्या अहवालात एक अख्खं प्रकरण वृत्तमाध्यमांवर लिहिलं. संपादकीय कामात कृष्णवर्णीयांचं प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे आणि वर्तमानपत्रं गोऱ्यांच्याच नजरेने जग बघतात, हे त्यात स्वच्छ म्हटलं होतं. ‘डेली न्यूज’मध्ये तेव्हा काम करणाऱ्या नॅटली बायफिल्ड या कृष्णवर्णीय पत्रकार पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि याच वार्तांकनावर त्यांनी २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. डेस्कवर एखादं माणूस असं असावं लागतं ज्याच्या गल्लीतलं पोर त्या मथळ्यात आहे. ते ‘कळप’ हा शब्द ऐकून मान वर करतं. ज्या खोलीत असं कुणी नाही किंवा आहे पण बोलण्याच्या जागी नाही, तिथे शब्द विनाअडथळा छापखान्यापर्यंत जातो.

उलट बाजूचं उदाहरण त्याच वर्षी बोस्टनमध्ये घडलं. ऑक्टोबर १९८९ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट या गोऱ्या माणसाने पोलिसांना फोन केला : एका काळ्या माणसाने गाडीत घुसून मला आणि माझ्या गरोदर बायकोला गोळ्या घातल्या. बायको गेली, बाळही वाचलं नाही. मिशन हिल या वस्तीत पोलिसांनी कृष्णवर्णीय तरुणांना रस्त्यावर उभं करून झडत्या घेतल्या, एकाला संशयित म्हणून पुढे आणलं. जानेवारीत स्टुअर्टच्या भावाने तोंड उघडलं, खुनामागे नवराच होता हे समोर आलं आणि स्टुअर्टने पुलावरून नदीत उडी घेतली. शहराच्या महापौरांनी त्या प्रकरणात नाहक गोवलेल्यांची जाहीर माफी मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये. एका बाजूला पाच मुलांची गोष्ट विसंगत असूनही खरी मानली गेली, दुसऱ्या बाजूला एका माणसाची गोष्ट कुणी तपासूनही पाहिली नाही.

वाचकाच्या डोक्यात या सगळ्याचं काय होतं, यावर फ्रँकलिन गिलियम आणि शांतो अय्यंगार या संशोधकांनी लॉस एंजेलिसमध्ये प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. लोकांना टीव्हीच्या बातम्या दाखवल्या, त्यात एक गुन्ह्याची बातमी. काहींच्या बातमीत संशयिताचा चेहरा गोरा, काहींच्या काळा, तोच चेहरा संगणकाने रंग बदलून. काहींच्या बातमीत संशयित दाखवलाच नाही. नंतर विचारलं, काय पाहिलंत? ज्यांना चेहरा दाखवलाच नव्हता त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक लोकांना तो पाहिल्याचं आठवत होतं, आणि त्यांतल्या सुमारे सत्तर टक्क्यांना तो काळा असल्याचं आठवत होतं. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण आपापल्या गावातला ‘न दाखवलेला’ चेहरा त्यांच्याही डोळ्यांसमोर आलेला असतो.

फोटोंचं एक उदाहरण मला फार शिकवण्याजोगं वाटतं. मार्च २०१५ मध्ये आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स शहरातल्या ‘गॅझेट’ने घरफोडीच्या दोन बातम्या जवळजवळ एकाच वेळी दिल्या. एकीत चार कृष्णवर्णीय संशयित, पोलिसांनी अटकेनंतर काढलेल्या फोटोंत, भिंतीसमोर, पडलेल्या चेहऱ्यांनी. दुसरीत आयोवा विद्यापीठाचे तीन गोरे कुस्तीपटू, संघाच्या अधिकृत फोटोंत, कोट-टाय घालून हसताना. गुन्हा तोच. लोकांनी दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या तेव्हा गहजब झाला आणि फोटो बदलले गेले. दैनिकाचं स्पष्टीकरण असं की एका ठिकाणचे पोलिसी फोटो लगेच मिळाले, दुसरीकडे मागून घ्यावे लागणार होते. मला हे स्पष्टीकरण पटतं, आणि म्हणूनच ते महत्त्वाचं वाटतं. कुणीही बसून ठरवलं नव्हतं. हाताला जे आलं ते लावलं. ज्याचा फोटो सूटबुटात सहज सापडतो आणि ज्याचा फक्त पोलिसांकडेच सापडतो, त्यांच्यातलं अंतर मात्र पानावर उमटलं.

छापलेले शब्द पुढे कायद्यातही शिरले. १९९५ मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक जॉन डिलुलियो यांनी ‘सुपरप्रिडेटर’ पोरांची पिढी येते आहे असं भाकीत केलं. नियतकालिकांनी, टीव्हीने ते उचललं. त्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी अल्पवयीनांवर प्रौढांप्रमाणे खटले चालवणं सोपं केलं. पोरांची ती लाट आलीच नाही; गुन्हे तर कमी होत गेले. डिलुलियोंनी पुढे चूक मान्य केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका खटल्यात अल्पवयीनांच्या बाजूने दिलेल्या निवेदनावर सहीही केली. तोवर कितीतरी मुलांची तारुण्यं तुरुंगात गेली होती.

कोरी वाइजचं त्यातच गेलं. सोळा वर्षांचा म्हणून तो प्रौढांच्या तुरुंगात, तेरा वर्षांच्या आसपास. बाकीचे सहा-सात वर्षांनी सुटले. तुरुंगातच वाइजची रेयेसशी गाठ पडली होती. २००२ मध्ये रेयेसने कबुली दिली, डीएनए जुळला, आणि १९ डिसेंबर २००२ रोजी पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. पण पोलीस खात्याने नेमलेल्या समितीने २००३ च्या जानेवारीत अहवाल दिला की मुलांचा काही ना काही सहभाग असावाच, आणि काही स्तंभलेखकांनी तीच री ओढली. तपशिलाची चूक दुरुस्त करता येते : वय चुकलं, आडनाव चुकलं, चौकटीत शुद्धिपत्र. ‘कळप’ या शब्दाचं शुद्धिपत्र कुठल्या चौकटीत छापणार? केन बर्न्स, सारा बर्न्स आणि डेव्हिड मॅकमहॉन यांच्या २०१२ च्या माहितीपटात जिम ड्वायर हे त्या काळी खटला पाहिलेले पत्रकार स्पष्ट सांगतात की पुष्कळ लोकांनी आपलं काम केलं नाही, आणि त्या यादीत ते पत्रकारांना सगळ्यात आधी घालतात. २०१४ मध्ये शहराने पाच जणांना ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली. वर्तमानपत्रांनी काय दिलं?

काही दिलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने स्वतःचे अनेक दशकांचे जुने अंक कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये वाचकांची माफी मागितली. ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ने अटकेच्या फोटोंची मालिका चालवणं बंद केलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२१ पासून किरकोळ गुन्ह्यांच्या बातम्यांत संशयिताचं नाव देणं थांबवलं, कारण पुढे खटल्याचं काय झालं याचा पाठपुरावा आपण करत नाही, हे तिने प्रामाणिकपणे मान्य केलं. हे शेवटचं कारण मी वर्गात फळ्यावर लिहिते. ज्या बातमीचा फॉलोअप करणार नाही, तिच्यात माणसाचं नाव कशाला?

आणि पोलिसांच्या प्रेसनोटवर किती विसंबायचं, यासाठी मी मिनियापोलिस पोलिसांची २५ मे २०२० ची नोट मुलांच्या हातात देते. शीर्षकाचा आशय असा : पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू. त्या माणसाच्या, जॉर्ज फ्लॉइडच्या, मानेवर पोलिसाचा गुडघा होता हे नोटेत नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने, डार्नेला फ्रेझियरने, फोनवर चित्रीकरण केलं नसतं तर दुसऱ्या दिवशी जगभर एवढीच बातमी गेली असती, आतल्या पानावर, सिंगल कॉलम. फ्रेझियरला पुढे पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. मी मुलांना सांगते, या नोटेवरून बातमी लिहा, पण नोटेत नसलेले पाच प्रश्न आधी कागदावर मांडा. बीडचा तो मुलगा आता एका जिल्हा दैनिकात आहे. जमातीचं नाव असलेली प्रेसनोट आली की तो ठाण्यात फोन करून आरोपींची नावं मागतो आणि जमात खोडतो. सुरुवातीला हवालदार वैतागायचे, असं त्याने मला सांगितलं.

युसेफ सलाम २०२३ मध्ये हार्लेममधून न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले. १० सप्टेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियात अध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादसभा झाली. तीत ट्रम्प म्हणाले की त्या मुलांनी कोर्टात गुन्हा कबूल केला होता आणि त्यात एका व्यक्तीचा जीव गेला. पाचांनीही कोर्टात आपण निर्दोष असल्याचं सांगितलं होतं, आणि ती स्त्री जिवंत आहे. २००३ मध्ये तिने स्वतःच नाव जाहीर करून पुस्तकही लिहिलं. पस्तीस वर्षांनंतरही पहिल्या दिवसाची गोष्ट बोलली जात होती. या वेळी मात्र वृत्तसंस्था आणि दैनिकांनी विधान नुसतं छापून सोडलं नाही. त्याच रात्री त्याच्या शेजारी खरी माहिती छापली. सलाम त्या दिवशी तिथे हजर होते, आणि पत्रकार माइक घेऊन त्यांच्याभोवती जमले होते. ऑक्टोबरमध्ये पाच जणांनी ट्रम्प यांच्यावर बदनामीचा दावा दाखल केला.